गिझर गळून राहिला? आधी मेन बंद करा, मंग पाना हाती घ्या

दिवाळी सरली आणि सकाळी अंगावर काटा यायला लागला की गावात गिझरच्या तक्रारी सुरू होतात. होळीपासून बंद पडून असलेला गिझर चालू केला, चार दिवस बरा चालला आणि मंग खाली थेंब थेंब पाणी. मी लाइट फिटिंगची आणि नळाची कामं करतो त्यामुळे दर थंडीत हेच पाहा लागते, आणि घरोघरी दोनच उत्तरं ऐकू येतात. एकजण म्हणते काही नाही होत, खाली बकेट लावून द्या. दुसरा म्हणते गेला हा, नवीन आणा. बकेट लावणारा जीवाशी खेळून राहिला आणि नवीन आणणारा बरेचदा एका रबराच्या वायसरपायी हजारो रुपये घालवून राहिला.

गळणं म्हणजे एकच बिघाड नाही. पाणी नेमकं कुठून येऊन राहिलं त्यावर सगळं ठरते. नळी, सेफ्टी वॉल, गॅस्केट, नाहीतर टाकी, या चारपैकी पहिले तीन दुरुस्त होतात, चौथं होत नाही. आणि आपल्याइकडे गळण्याचं मूळ बहुतेक वेळा गिझरात नसतेच, ते बोरच्या पाण्यात नाहीतर मोटरच्या जोरात असते. ते मूळ पाहिलं नाही तर आज लावलेलं नवीन रबर पुढच्या थंडीत पुन्हा गळते.

पण पाणी कुठून येते ते शोधायच्या आधी लाइट. गिझरचा बटन बंद केला म्हणजे झालं असं नाही, बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे लाइन तोडणारा खटका, खाली पाडा, आणि प्लग असला तर तोही काढा. गावातल्या जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले मी कितीतरी घरी पाहिले, तिथं बटन बंद केलं तरी कॉईलपर्यंत फेज येऊन थांबलेला असते आणि झाकण उघडणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून टेस्टर लावून पाहाच, आणि टेस्टर लावायच्या आधी तो टेस्टर चालू बोर्डावर पेटते का हे पण पाहून घ्या, बिघडलेला टेस्टर हा सगळ्यात खोटा साक्षीदार. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, खाली फरशी ओली असेल तर आधी पुसा नाहीतर लाकडी पाट ठेवून त्यावर उभे राहा. अंघोळ करताना कधी नळाला हात लावला आणि झिणझिण लागली असेल, तर तो गिझर त्या दिवसापासून बंद. "थोडंसंच लागते" हे वाक्य मला ऐकवत नाही, कारण ओल्या अंगाला थोडंसं आणि जास्त यात फार फरक राहत नाही.

मंग पाणी. गिझरला जाणाऱ्या थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करा. कॉक नसेल, आणि गावात बरेच ठिकाणी नसते, तर स्लॅबवरच्या टाकीचा मेन वॉल बंद करा. आतलं पाणी लगेच काढू नका, ते ६०-७० अंशावर असू शकते आणि वर हात करून काम करताना ते सरळ तोंडावर येते. दोन-तीन तास थांबा, किंवा रात्री बंद करून सकाळी काम करा. गिझरची टाकी रिकामी करायची असेल तर गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे आत हवा जाईल, आणि मंग खाली बकेट धरून थंड पाण्याची नळी हळूहळू ढिली करा. १५ लिटरच्या गिझरमधून बकेटभर पाणी निघते, २५ चा असेल तर दोन बकेटी तयार ठेवा.

इथंच एक गोष्ट सांगतो, खेड्यात ही फार होते. लाइन गेली, मोटर बंद, स्लॅबवरची टाकी कोरडी, आणि गिझर गळका. वरून भर नाही आणि खालून गळती चालूच, त्यामुळे रात्रभरात गिझरमधलं पाणी उतरून जाते. बटन तसाच चालू राहिलेला असते. पहाटे लाइन येते आणि कॉईल कोरडीच तापते. कॉईल जळते, रबर वितळते, कधी वायरही जळते. म्हणून गळका गिझर "संध्याकाळी पाहू" म्हणून चालू सोडायचा नाही, आणि लाइन गेली की बटन बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, पोरांनाही.

आता पाणी कुठून येते ते शोधू. थेंब जिथं पडते तिथून गळते असं नाही, पाणी नळीवरून, झाकणाच्या कडेवरून घरंगळत येते आणि शेवटी सगळ्यात खालच्या टोकाला लटकते. पूर्ण गिझर, नळ्या, भिंत सगळं कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. मंग पाण्याचा कॉक उघडा, लाइट बंदच ठेवा, आणि पेपरच्या पट्ट्या फाडून प्रत्येक जोडाला एक एक गुंडाळा. दोन्ही नळ्यांच्या वरच्या नटला, खालच्या नटला, सेफ्टी वॉलला, आणि झाकणाच्या फटीत एक. पंधरा-वीस मिनिटांनी कोणती पट्टी आधी भिजली ते पाहा. मोबाइलचा टॉर्च तिरपा मारला की भिंतीकडची बाजूही दिसते. पावसाळ्यात किंवा बंद बाथरूममध्ये वाफेचं पाणी गिझरच्या अंगावर साचते ते गळणं नाही, ते पुसलं की परत एका जागीच येत नाही.

नळीच्या जोडातून पाणी असेल तर देवाचे आभार माना. ती जी स्टीलची जाळीवाली कनेक्शन नळी असते, तिच्या नटात एक रबराचं वायसर असते, पाणी तेच वायसर अडवते, आटे नाही. लोकं त्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळत राहतात आणि पाना घेऊन पिळत राहतात, तरी गळते, मंग अजून पिळतात आणि नटच फुटते. नट खोला, जुनं वायसर काढा, बोटानं दाबून पाहा, गरम पाण्यानं ते कडक होऊन गेलेलं असते, वाकवलं की चीर पडते. नवीन लावा, हातानं घट्ट करा आणि वरून पान्यानं पाव-अर्धा फेर, बस. टेप लागते ती जिथं आट्यात आटे बसतात तिथं, म्हणजे कॉकचा जोड, निपल, एल्बो. टेप आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळायची, उलटी गुंडाळली की कसताना सगळी गोळा होऊन बाहेर येते. जुनी टेप दाभणानं नाहीतर ब्रशनं पूर्ण काढून मंगच नवीन.

नट कसताना दोन पाने पाहिजेत. एका पान्यानं गिझरमधून बाहेर आलेली निपल धरून ठेवायची आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा. ती निपल आत टाकीला वेल्डिंग केलेली असते, एकाच पान्यानं जोर लावला की निपल नटसोबत फिरते आणि वेल्डिंगला चीर जाते. नळीची गळती दुरुस्त करायला गेले आणि टाकीच फोडून बसले, असं होते. घरी दुसरा पाना नसेल तर शेजाऱ्याकडून आणा, ट्रॅक्टरवाल्याकडे नक्की असते, पण एकट्या पान्यावर हे काम करू नका.

आणि पाइप कोणता आहे ते पाहा. शेतातल्या स्प्रिंकलरची, मोटरची उरलेली पीव्हीसी पाइप घरी पडलेली असते, तीच गिझरला जोडून देतात. साधी पीव्हीसी गरम पाण्याची नाही, ६० अंशाच्या आसपास ती नरम पडते, जोड ढिले होतात आणि एक दिवस एल्बो निसटून गरम पाणी अंगावर येते. गरम पाण्याला सीपीव्हीसीच, ती फिक्कट पिवळसर रंगाची असते, तिचं सोल्युशनही वेगळं. निदान गिझरपासून गरम नळापर्यंतचा तुकडा तरी बदला.

आता सेफ्टी वॉल. थंड पाण्याच्या बाजूला एक पितळी तुकडा असते, त्याला लहान दांडी आणि एक बारीक भोक, काहीजण त्याला प्रेशर वॉल म्हणतात. त्या भोकातून थेंब पडताना पाहिले की घाबरायचं का? गिझर तापत असताना थोडेसे थेंब पडले आणि तापून झाल्यावर थांबले, तर ते बरोबर चाललं आहे. पाणी तापलं की फुगते, २५ लिटर पाणी २० अंशावरून ७० वर नेलं तर त्याला जवळपास अर्धा लिटर जागा जास्त लागते, आणि त्या वॉलमध्ये पाणी मागं जाऊ न देणारी झडप असल्यामुळे ते वाढलेलं पाणी वर टाकीत परतत नाही, ते तिथूनच निघते. म्हणून त्या भोकाला एक बारीक नळी लावून मोरीत सोडून द्या, काम संपलं. पण ते भोक बंद करू नका. खिळा ठोकून, एम-सील भरून, स्क्रू पिळून ते बंद केलेलं मी पाहिलं आहे आणि तिथं उभं राहायची भीती वाटते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की कॉईल बंद करणारा भाग, चिकटला, पाणी तापतच गेलं आणि निघायला वाट नसली तर लोखंडाची टाकी फाटते. त्या वॉलमधून वाफ किंवा उकळतं पाणी फुसफुस करून येत असेल तर काही उघडू नका, नळही नाही, बाहेर जाऊन एमसीबी पाडा आणि गिझर आपोआप थंड होऊ द्या, मंग थर्मोस्टॅट आणि कटआउट (पाणी जास्तच तापलं तर लाइन तोडणारा भाग) दोन्ही बदला.

गिझर थंड असतानाही सेफ्टी वॉल गळते तर दोन कारणं. एक, त्याच्या आत क्षाराचा कण अडकला. दांडी दोन-तीन वेळा वर खाली करा, पाणी जोरात निघून कण धुतला जाईल, नाही थांबलं तर वॉल बदला, महाग नाही. दुसरं कारण आपल्या खेड्यातलं, आणि ते कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाही. स्लॅबवरची टाकी गिझरच्या दोन-तीन मीटर वर असली तर जोर किती, १० मीटरला १ बार धरला तर पाव बारच्या आसपास. एवढ्यानं गिझरचं काही होत नाही, बहुतेक गिझरांवर चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीवर ८ बार लिहिलेले असते, काहींवर कमी. पण बरेच घरी बोरच्या मोटरची लाइन टाकीत जाताना मध्येच घरातल्या नळांना जोडून दिलेली असते, म्हणजे टाकी रिकामी असली तरी मोटर चालू केली की नळाला पाणी. सोयीचं आहे, मान्य. पण ३०० फुटांवरून पाणी उचलणारी मोटर म्हणजे जवळजवळ ९ बारचा जोर, आणि पावसाळ्यानंतर बोरचं पाणी वर आलेलं असते तेव्हा त्यातला उरलेला जोर सरळ घरच्या नळांवर येते. कोणी टाकीचा वॉल बंद केला आणि मोटर चालूच राहिली की गिझरची निपल, गॅस्केट, टाकी, जे कमजोर असेल ते जाते. तुमचा गिझर मोटर चालू असतानाच गळते आणि एरवी नाही, असं असेल तर गिझरला हात लावू नका, आधी ती जोडणी तोडा. मोटरचं पाणी टाकीत, टाकीचं पाणी घरात.

सगळ्यात धोक्याची गळती झाकणाच्या आतून येणारी. खालचं प्लास्टिकचं झाकण पुसलं तरी त्याच्या फटीतून पाणी येत राहते, पेपरची पट्टी तिथली भिजते. त्या झाकणात वायरी आहेत, थर्मोस्टॅट आहे, आणि त्याच्या वर लोखंडी प्लेट, जिच्यावर कॉईल बसलेली असते. प्लेट आणि टाकीच्या मध्ये रबराची गॅस्केट. ती गॅस्केट कडक झाली, चेपली की पाणी सरळ वायरींवर. ज्याला लाइटचं काम येत नाही त्यानं इथं थांबायचं आणि मिस्त्री बोलवायचा, यात कमीपणा नाही. वॉरंटी चालू असेल तर कोणीच उघडू नका, तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या सर्व्हिसवाल्याला सांगा, नाहीतर वॉरंटी जाते.

ज्याला येते त्याच्यासाठी सांगतो. वायरी सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. टाकी पूर्ण रिकामी करा, नाहीतर बोल्ट सोडले की उरलेलं सगळं डोक्यावर येते. प्लेट काढली की गॅस्केट बदलाच, जुनी चांगली दिसली तरी. नवीन नेताना जुनी दुकानात सोबत घेऊन जा, डोळ्याच्या अंदाजानं आणलेली गॅस्केट बसत नाही. जिथं रबर बसते ती कडा घासून साफ करा, एक क्षाराचा खडा राहिला तरी तिथूनच गळते. बोल्ट एकेक करून पूर्ण कसायचे नाही, समोरासमोरचे थोडे थोडे कसत जायचं म्हणजे प्लेट सरळ बसते. सिलिकॉन थापू नका.

दर्यापूरकडे एका घरी अशीच प्लेट काढली होती. तो सगळा खारपाणपट्टा, पूर्णेच्या खोऱ्यातला, अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या कितीतरी गावांत बोरचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारं. प्लेट खाली आली आणि तिच्यासोबत पसाभर पांढरे पोपडे पडले, जुन्या भिंतीच्या चुन्याचे निघतात तसे. कॉईलची नळी त्या थरात दिसतच नव्हती. आणि कॉईलच्या बाजूला जो मॅग्नेशियमचा रॉड असते, बोटाएवढा जाड, त्याची आतली बारीक तार तेवढी उरली होती. घरच्या काकू दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "काहून रे बापू, मागच्याच वर्षी तर कॉईल बदलली होती." मी म्हटलं, "काकू, कॉईल बदलली पण रबर जुनंच ठेवलं, अन् हा रॉड कोणी पाह्यलाच नाही." त्यांनी रॉड हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं की याचं काम काय.

काम फार मोठं आहे. गिझरची टाकी लोखंडाची, आतून काचेचा किंवा पॉलिमरचा थर दिलेला. त्या थराला कुठंतरी बारीक छिद्र, चीर राहतेच, आणि तिथं पाणी लोखंडाला खायला लागते. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी झिजते, म्हणून तो रॉड मुद्दाम टाकलेला असते, तो झिजून टाकीला वाचवते. पाणी जेवढं खारं तेवढा तो लवकर संपते, कारण खाऱ्या पाण्यातून विजेचा प्रवाह सहज जाते. तो संपला की मंग टाकीचा नंबर. म्हणून खाऱ्या आणि जड, म्हणजे क्षाराच्या, पाण्याच्या गावात दर वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा प्लेट उतरवून रॉड पाहायचा, अर्ध्याच्या खाली आला की बदलायचा. नळयोजनेचं नदी-धरणाचं गोडं पाणी असेल तर दोन वर्षांनी पाहिलं तरी चालते. कॉईल बदलणारे खूप, रॉड विचारणारे कमी, तुम्ही स्वतः विचारा.

कॉईलवरचा थर कसा काढायचा. सुरी, पेचकस घेऊन खरवडू नका, वरच्या नळीला ओरखडा गेला की तिथून पाणी आत आणि करंट बाहेर. किराणा दुकानात लिंबू सत मिळते, एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅमभर टाका आणि प्लास्टिकच्या बकेटीत कॉईलचा फक्त पाण्यात राहणारा भाग बुडवून ठेवा, वायरी जोडायची टोकं कोरडी पाहिजेत. बुडबुडे येतील, थर मऊ पडेल, जुन्या ब्रशनं निघेल. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका, ते क्षार खाते तसं धातूही खाते. कॉईल साफ झाली आणि कोरडी झाली की मल्टिमीटर लावा. २ किलोवॅटच्या कॉईलला साधारण २६ ओहम दिसायला पाहिजे, आणि कॉईलच्या टोकापासून बाहेरच्या नळीपर्यंत काहीच दिसायला नको. तिथं आकडा आला तर कॉईलमधून करंट उतरून राहिला, ती परत बसवायची नाही. क्षार कमी साचावा म्हणून थर्मोस्टॅट ६० च्या खाली ठेवा, पाणी जेवढं जास्त तापते तेवढा थर जास्त बसते, आणि आपण नाहीतरी त्यात अर्धं थंड मिसळूनच अंघोळ करतो.

आता टाकी. सगळ्या पट्ट्या कोरड्या, गॅस्केट नवीन, तरी बाहेरच्या पत्र्याच्या जोडातून पाणी येते, ते तांबूस असते, गरम नळालाही सकाळी पहिलं पाणी गंजाच्या रंगाचं येते, तर आतली टाकी फुटली. तिला दुरुस्ती नाही, कोणी कितीही सांगो. टाकीच्या भोवती फोम भरलेला असते, छिद्र कुठं आहे ते दिसत नाही, बाहेरून लावलेलं एम-सील त्या छिद्रापर्यंत पोचतच नाही, आणि वेल्डिंग केलं तर आतला थर जळून दुसरीकडून गंज सुरू होते. फोम भिजलेला असल्यामुळे बाहेरच्या पत्र्यातही करंट येऊ शकते. एकच गोष्ट करा, वॉरंटी कार्ड काढा. टाकीची वॉरंटी बाकी गिझरपेक्षा वेगळी आणि जास्त वर्षांची असते, हे पुष्कळ लोकांना माहीत नसते, आणि बिल सांभाळून ठेवलं असलं तर टाकी बदलून मिळू शकते.

टाकी असो की नळी, गळती जुनी असेल तर भिंत पाहा. २५ लिटरचा गिझर भरला की पाण्याचंच वजन २५ किलो, वरून त्याचं स्वतःचं. गावातली मातीच्या गाऱ्यातली विटांची भिंत असली, त्यात पाणी मुरत गेलं की अँकर बोल्ट ढिले पडतात. गिझर दोन्ही हातांनी हळूच हलवून पाहा, बोल्टपाशी माती झडली तर उतरवून ठेवा. तशा भिंतीत आरपार बोल्ट टाकून मागून लोखंडी पट्टी द्यायची, किंवा खाली लोखंडी स्टँड.

दुरुस्तीसोबत दोन गोष्टी करून घ्याच, एक आरसीसीबी आणि दुसरी अर्थिंग. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला आपण ईएलसीबी म्हणतो, तो करंट गळला की क्षणात लाइन तोडतो. एमसीबी ते करत नाही, तो वायर वाचवते, माणूस नाही. आणि अर्थिंग. आपल्या काळ्या मातीत एप्रिल-मे मध्ये हातभर भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होते आणि अर्थिंग नावालाच राहते, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत जा. २ किलोवॅटचा गिझर ८-९ अँपिअर ओढते, त्याला १६ अँपिअरचाच बोर्ड पाहिजे, झोपायच्या खोलीतून एक्स्टेंशन ओढून चालवायचा नाही. प्लग काळा पडला असेल, बोट लावलं की गरम लागते, तर तोही बदला.

गिझर दुरुस्त होईपर्यंत बाकी काय वापरावं तेही विचारतात. चुलीवर गंज, म्हणजे पातेलं, ठेवा, बंब असला तर बंब, त्यात काही हरकत नाही. पाणी तापवायचा रॉड वापरायचा तर प्लास्टिकच्या बकेटीत, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, घरात लहान पोरं असतील तर दार लावून घ्या. गॅसचा गिझर बंद बाथरूममध्ये लावू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसते, माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडते. तो बाहेर, उघड्यावर, आणि नुसतं पाण्याचं पाइप आत. स्लॅबवर सोलर असेल आणि ते गळत असेल तर काचेच्या नळीच्या तोंडाची रबर रिंग पाहा, उन्हानं ती लवकर वाळते, आणि ज्या गावात वानरांचा त्रास आहे तिथं वर जाळी मारा, नाहीतर नळ्या फुटतच राहतील. सोलरची रिंग पहाटे, पाणी थंड असताना बदला.

सगळं जोडून झालं की लगेच बटन दाबू नका. आधी कॉक उघडा, गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा ठेवा, आधी हवा फुसफुस करत निघेल, मंग तुटक पाणी, मंग सलग धार. सलग धार लागली म्हणजे टाकी भरली. नळ बंद करा, पेपरच्या पट्ट्या परत सगळ्या जोडांना लावा आणि लाइट न देता रात्रभर सोडा. सकाळी पट्ट्या कोरड्या असतील तर एमसीबी चढवा, आरसीसीबीचं टेस्टचं बटन दाबून तो पडते का पाहा, आणि पहिल्यांदा गिझर पूर्ण तापेपर्यंत कोणालाही अंघोळीला पाठवू नका. तापताना जोड पसरतात, थंड असताना कोरडी राहिलेली पट्टी तेव्हा भिजू शकते. भिजली तर बंद करून, थंड होऊ देऊन तो एक नट पाव फेर अजून.

आणि नवीनच घ्यायचा झाला तर दुकानदार आधी रंग आणि डिझाइन दाखवेल, तुम्ही तीन गोष्टी विचारा. आयएसआयचा मार्क आणि त्याखाली आयएस २०८२ लिहिलं आहे का, आत मॅग्नेशियमचा रॉड आहे का आणि तो तालुक्याला सुटा मिळते का, आणि टाकीची वॉरंटी खाऱ्या पाण्याला लागू आहे का. तिसरा प्रश्न विचारला की कार्डावरची बारीक अक्षरं वाचा लागतात, काही कार्डांवर जड पाण्यानं झालेलं नुकसान वगळलेलं असते. ते दुकानातच वाचून घ्या, आणि बसवायला येणाऱ्याला सांगून थंड पाण्याच्या बाजूला अँगल कॉक लावूनच घ्या.